कादंबरी छापणारे खूप आहेत, छापायच्या आधी वाचणारं कोण आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय, की हल्ली कोणीही उठतं आणि कादंबरी काढतं, ना शुद्धलेखन ना संपादन, पैसे भरले की पुस्तक हातात. ई-पेपरवर वाचलं आणि परत एकदा वाचलं, कारण त्या ‘कोणीही’मधे मी पण येते, माझी पहिली कादंबरी आत्ता शेवटच्या प्रूफला (छापायच्या आधी तपासायच्या पानांना) आहे. राग आला. पण निम्मं पत्र खरं आहे, आणि ते निम्मं का खरं आहे हे या सगळ्यातून चाललेल्या माणसानेच सांगितलेलं बरं, म्हणून लिहिते. लांबलं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी बडोद्याची, जन्म, शिक्षण, सासर सगळं इथलंच. नोकरी अकाउंट्सची, त्यामुळे मार्च एंडिंगला कादंबरी बंद, बाकी वर्षभर रात्री मागचं आवरून झालं की फोनवरच टाइप करायचं. गोष्ट दांडिया बाजारातल्या एका वाड्याची आहे, पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत इकडे आलेले, मग घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती अशा वाढलेल्या दोन पिढ्या, आणि आता वाडा बिल्डरला द्यायचा का नाही यावरून भावंडांत अबोला. विषय जुना आहे म्हणाल तर आहे, पण इथल्या घरांचा अबोला पुण्यातल्या अबोल्यासारखा नसतो, इथे भांडणं मराठीत होतात आणि समेट करायला शेजारचे गुजराती काका लागतात.

लिहिण्याचा फार त्रास झाला नाही मला, खरं सांगायचं तर मजा आली. लिहायला लागल्यावर वाचायची सवय मात्र पूर्ण बदलली. आधी मी गोष्टीसाठी वाचायचे, आता प्रत्येक कादंबरी हिशोबाच्या वहीसारखी तपासते, की पहिलं खोटं कितव्या पानावर बोललं जातं, घरात पैसे कुठून येतात हे लेखकाने सांगितलंय का नुसतीच सगळी चहा पीत बसलीयत, एखादं माणूस मरतं तेव्हा त्याच्या आधीच्या प्रकरणात ते काय करत होतं. (पैशांचं फार कमी लोक सांगतात. मराठी कादंबरीतल्या कितीतरी माणसांचं घर कशावर चालतं ते शेवटपर्यंत कळत नाही, माझा पेशाच असा की मला ते खटकतं.)

आणि वाचायला बडोद्यात काही कमी नाही. सयाजीरावांनी १९१० मधे बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून सेंट्रल लायब्ररीची घडी बसवली, स्वतःच्या राजवाड्यातली पुस्तकं तिला दिली, मांडवीजवळच्या त्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांना लोखंडी मांडण्या आणि काचेच्या लाद्या आहेत, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. महाराज १९३२ मधे कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. संमेलनं इथेही झाली, १९०९, १९२१, १९३४ आणि मग एकदम २०१८ मधे ९१ वं. म्हणजे छापून झालेल्या पुस्तकाचं कौतुक आमच्या गावाला पिढ्यानपिढ्या आहे. माझी अडचण त्याच्या अलीकडची होती, हातात ड्राफ्ट आहे आणि तो वाचायला माणूस नाही.

घरच्यांना देऊन पाहिलं. नवऱ्याने थोडी पानं वाचली आणि ‘छान आहे’ म्हणाला, पुढे विचारलं तर ‘छानच आहे गं’. मुलगी इंग्लिश मीडियमची, तिला मराठी वाचायला इतका वेळ लागतो की पान उलटेपर्यंत आधीचं विसरायला होतं, तिचा दोष नाही. व्हॉट्सॲपवर मैत्रिणींना पीडीएफ पाठवली, अंगठे आले, फुलं आली, ‘सवडीने वाचते’ आलं. ज्याने कोणी कादंबरी लिहिलीय त्याला हे अंगठे माहिती असतील.

शेवटी उपयोगी पडल्या त्या आमच्या भिशीतल्या एक काकू. सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर लायब्ररीची पुस्तकं घरी आणून वाचलेल्या, स्वतः एक ओळ कधी लिहिलेली नाही. त्यांना मी प्रिंट काढून दिली कारण फोनवर वाचत नाहीत. गठ्ठा परत देताना पहिलं वाक्य काय तर, ‘हिचा नवरा सातव्या प्रकरणानंतर दिसलाच नाही, मेला की काय?’ मी म्हटलं काकू, तो मुद्दाम बाजूला ठेवलाय, घरात असून नसल्यासारखा दाखवायचाय. तर म्हणाल्या, ‘मग नसलेला दिसू दे की, त्याचं ताट तरी मांड.’ आता हे कुठल्या लेखन-कार्यशाळेत कोणी शिकवलं असतं का मला माहिती नाही, मी त्या एका वाक्यावर पुढची किती प्रकरणं परत लिहिली ते विचारू नका. त्यांनी अजून एक सांगितलं, वाडा विकायचा निर्णय ज्या प्रकरणात होतो ते त्यांना पटलं नाही, कारण ‘सह्या झाल्याशिवाय कोणी रडत नाही’. मी ते पटवून घेतलं नाही, माझी माणसं आधीच रडतात, तसंच ठेवलंय. पण त्यावर आमचा चांगला तासभर वाद झाला आणि वाद घालताना मला कळलं की ती का रडतात, तोवर मलाच नीट सांगता येत नव्हतं.

दुसरी वाचक ऑफिसातली, गुजराती. तिच्या आजोळी शेजार सगळा मराठी, त्यामुळे मराठी कळतं आणि लिपीची तिला अडचण नाही, सावकाश वाचते. तिने माझी गुजराती पात्रं तपासली, म्हणाली हे काका फारच चांगले आहेत, आमच्यात एवढे चांगले काका नसतात, थोडा स्वार्थ घाल ने. घातला. काका आता वाड्यावर स्वतः डोळा ठेवून आहेत आणि कादंबरीतलं सगळ्यात जिवंत माणूस तेच झालेत.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय, तर पत्रलेखक म्हणतात तसं संपादन होत नाही हे खरं, पण ते नव्या लेखकाच्या माजामुळे होत नाही असं त्यांनी धरलंय ते चूक आहे. संपादन करायचं काम ज्यांचं ते करत नाहीत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक ‘सत्यकथा’ मासिकात नव्या लेखकांची हस्तलिखितं कशी वाचायचे, काय पटलं नाही ते सविस्तर कळवायचे, परत लिहायला लावायचे, हे जुन्या लेखकांनी किती ठिकाणी सांगितलंय. सत्यकथा १९८२ मधे बंद पडली. आजही काही प्रकाशक मन लावून संपादन करतात हे मला माहितीये, पण त्यांच्याकडे रांग आहे आणि त्या रांगेत बडोद्याच्या अनोळखी बाईचा नंबर कधी लागणार. बाकीच्यांकडे लेखकाच्या फोनमधून निघालेली फाईल थेट डीटीपीवाल्याकडे (कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्याकडे) जाते, मधे माणूसच नाही.

एका प्रकाशकाने (नाव देत नाही) माझी कादंबरी न वाचता दोन दिवसांत ‘स्वीकारली’ आणि सोबत पॅकेज पाठवलं. मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-नंबर), प्रकाशन समारंभ, अमुक प्रती लेखकाने घ्यायच्या. त्यात आयएसबीएनचे वेगळे पैसे लावलेले. नव्या लेखकांनी हे एक लक्षात ठेवा, आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. कॉपीराइटचंही तसंच, लिहिलं तेव्हाच तो तुमचा झाला, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. आणि करार लेखी घ्या, त्यात मुदत लिहिलेली असू दे, १९५७ च्या कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात, पण ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांतील’ असं छापील वाक्य त्यात टाकून ठेवलेलं असतं आणि आपण आनंदाच्या भरात सही करतो. ऑडिओ, अनुवाद, सिनेमा हे सगळं त्या एका वाक्यात जातं. मी अकाउंट्सवाली म्हणून मला दिसलं, एखाद्या कवी मनाच्या माणसाला दिसेलच असं नाही.

पैशांचं पण एकदा बोलून टाकू. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, आवृत्ती ५०० प्रतींची, तर सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाला १५,००० रुपये. या धंद्यात कोणी पैशासाठी येत नाही हो, तेव्हा ‘हौस’ म्हणून हिणवू नका, हौसच आहे, गाणं शिकणाऱ्याला कोणी विचारत नाही कशाला शिकतोस म्हणून.

आता ज्यांच्याकडे दिलीय ते छोटे प्रकाशक आहेत, सज्जन आहेत, पैसे मागितले नाहीत, आणि मुख्य म्हणजे पुस्तक वाचलंय. पण प्रूफांनी जीव काढला. मी युनिकोडमधे टाइप केलेलं, त्यांचा डीटीपीवाला जुन्या फॉन्टमधे बदलून घेतो, त्यात ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ सगळ्यांचा चंद्रकोरीसारखा र गायब होऊन तिथे चौकोन आले, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. ते एकवेळ दिसतं तरी. न दिसणारं जास्त वाईट, प्रूफरीडरने १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम इतके मनावर घेतले की संवादातलं ‘केलं’, ‘गेलं’, ‘म्हटलं’ सगळं ‘केले’, ‘गेले’, ‘म्हटले’ करून टाकलं आणि माझी आजी सून बाळंत झाल्याची बातमी जाहीर नोटीस वाचल्यासारखी द्यायला लागली. नियम निवेदनाला लावा की, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाला कशाला. गुजराती मिसळलेली वाक्यंही ‘शुद्ध’ करून आली होती, ती मी एकेक करून परत अशुद्ध केली. मग पानं वाढली. छपाई सोळा पानांच्या फॉर्मवर, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत चालते, २४० पानांचे पंधरा फॉर्म होतात आणि माझी झाली २४३, त्या तीन पानांसाठी कागद आणि खर्च कशाला वाढवायचा म्हणून प्रकाशक म्हणाले काहीतरी काढा. मी लग्नाचं वर्णन काढलं. तसंही काकूंनी तिथे पेन्सिलीने ‘लांबलंय’ लिहिलेलं होतं.

तर मागणी. हरिभाऊ आपटे १८९० मधे ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू करून त्यात स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः छापायचे, मराठी कादंबरीला वाचक असा आठवड्या-आठवड्याने मिळत गेला. आमच्याकडे गुजरातीत ही चाल अजून मोडलेली नाही. पेपरांच्या पुरवण्यांमधे धारावाहिक नवलकथा असते, हरकिसन मेहता तर ‘चित्रलेखा’चे संपादक होते आणि त्यांच्या कादंबऱ्या त्या साप्ताहिकातच क्रमशः यायच्या. माझी ती ऑफिसातली मैत्रीण अजूनही ‘आगळच्या’, म्हणजे मागच्या अंकात काय झालं ते डबा खाताना सांगते आणि बाजूच्या टेबलावरचे भांडतात की असं होऊच शकत नाही. हे भांडण मला पाहिजे. लेखकाला पुस्तक व्हायच्या आधी ऐकू येणारं भांडण.

आपल्या रविवार पुरवणीत खाण्यापिण्याला पान आहे, राशींना आहे, नव्या मोबाइलला पाऊण पान आहे. एक अर्धं पान पहिली कादंबरी लिहिणाऱ्याला द्या, पुस्तक न झालेली कादंबरी, क्रमशः, आणि खाली वाचकांच्या दोन-चार प्रतिक्रिया, चांगल्या-वाईट दोन्ही, नाव-गावासकट. निवडायला एखाद्या जाणत्या वाचकाला बसवा, समीक्षकच पाहिजे असं नाही, आमच्या काकूंसारखं कोणी चालेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव इथल्यांना एक जागा राखून ठेवलीत तर उत्तमच, आमच्या गावांत मराठी ड्राफ्ट वाचणारी माणसं शोधावी लागतात आणि प्रत्येकाच्या भिशीत अशी काकू नसते. पुण्याच्या त्या पत्रलेखकांना माझी खास विनंती, असं पान सुरू झालं तर पहिली प्रतिक्रिया त्यांनीच लिहावी, इतक्या बारकाईने चुका काढणारा माणूस आम्हाला पुस्तक छापून झाल्यावर भेटतो हीच तर अडचण आहे. आणि माझी कादंबरी त्यात छापा असं मी म्हणत नाहीये, तिचं आता झालं, चौथं प्रूफ उद्या कुरिअरने जातंय. दुसरी सुरू केलीय, तिची दोन प्रकरणं झालीत, पत्ता दिलात तर पाठवीन.

आपली,
एक कादंबरीवाली, बडोदा
(नाव पत्रासोबत वेगळं दिलंय, कृपया छापू नये, ऑफिसात अजून सांगितलेलं नाही.)