दादांच्या गाठीविषयी

पर्वरी, गोवा

प्रिय उल्हास,
सप्रेम नमस्कार.

दादांचे एमआरआय आणि सीटी दोन्ही नीट पाहिले. रिपोर्टात ‘श्वानोमा’ लिहिलंय, ते पटण्यासारखं आहे. मज्जातंतूच्या वेष्टणातून उगवलेली गाठ, कॅन्सर नव्हे. पण जागा अवघड. कानामागे खोल, कवटीच्या तळाला ज्युग्युलर फोरामेन म्हणतात ते भोक आहे. मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर तिथून उतरते आणि तिला खेटून नववी, दहावी, अकरावी नस. गिळणं, आवाज, खांदा उचलणं त्यांच्यावर. गाठ वर वाढून आठव्या नसेला दाबतेय, म्हणून दादांचा उजवा कान आधी मंदावला आणि ती कानाच्याच नसेची गाठ वाटली. या गाठीत ही गफलत बऱ्याचदा होते.

सीटीत भोक रुंदावलंय, पण कडा गुळगुळीत आहेत. ते महत्त्वाचं, कारण याच जागी ग्लोमस नावाची रक्ताळ गाठ येते. ती हाड वाळवीसारखं कुरतडते आणि एमआरआयवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखी दिसते. दादांच्या फिल्मवर तसं काही नाही.

तू लिहिलंस, ‘काढायची तर मुळासकट काढा.’ हे मात्र मला मान्य नाही, आणि पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. दादांची जीभ सरळ बाहेर येते, खांदा उतरलेला नाही, आवाज भजनात अजून चढतो. म्हणजे खालच्या नसा शाबूत आहेत. नस वर्षानुवर्षं हळूहळू कमजोर झाली असती तर दुसऱ्या बाजूच्या स्वरतंतूने ती उणीव भरून काढली असती. चांगली चालती नस एका दिवसात गेली, तर माणूस स्वतःच्या थुंकीलाही ठसकतो, ती फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. गमावण्यासारखं दादांकडे जास्त आहे.

ऑपरेशन असं होतं. कानामागे छेद, हाड ड्रिलने झिजवून वाट केली जाते. लहान मेंदूखालचं पाणी सोडलं की तो सैल पडतो, त्याला ओढावं लागत नाही. मग गाठीच्या आवरणावर बारीक विजेची सुई फिरवून नसेचे धागे कुठे नाहीत ते शोधतात. चीर तिथेच. आतला गर अल्ट्रासोनिक यंत्राने फोडून शोषतात. आधी पोकळ करायची, मग आवरण आत दुमडत सोडवायचं. भरलेली गाठ ओढली की नस ताणून तुटते. स्वरतंतू, टाळू, खांदा, जीभ, चेहरा यांवर स्नायूंची हालचाल टिपणारे इलेक्ट्रोड असतात, म्हणून भूल देणारे डॉक्टर स्नायू सैल करणारं औषध सुरुवातीनंतर देत नाहीत. दहाव्या नसेला धक्का लागला की नाडी एकदम उतरते. तेव्हा हात थांबवायचा. आवरण नसेला चिकटून बसलंच तर पातळ पापुद्रा तिथेच सोडतात, आणि तो सोडणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. दरवर्षी एमआरआय करायचा. पापुद्रा वाढला तर गॅमा नाइफ, म्हणजे चीर न देता गाठीवर नेमका किरणांचा मारा, साधारण 12-13 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक).

गाठ 2.8 सेंटीमीटर, म्हणजे 3 च्या आत. पहिल्यापासून गॅमा नाइफचाही पर्याय आहे. त्याने गाठ निघत नाही, वाढ थांबते. हे दोन्ही जाणणाऱ्याकडूनच ऐका. या गाठी वर्षाला साधारण एक-दोन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे ऑपरेशन गणेश चवथीनंतर ठेवलं तरी बिघडणार नाही. मात्र डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, चालताना तोल गेला तर थांबू नका.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरोसर्जरी ओपीडीत आधी दाखव, सीडी घेऊन जा, नुसत्या फिल्म नकोत. गोव्याबाहेर जायचं ठरलं तर तीन गोष्टी विचार: न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घशाचे सर्जन एकत्र उभे राहतात का, नसांचं मॉनिटरिंग होतं का, गिळणं तपासणारा थेरपिस्ट आहे का. आणि दादांचा एमआर व्हेनोग्राम, म्हणजे शिरांतलं रक्त दाखवणारा एमआरआय, झालाय का तेही बघ. उजवीकडची शीरच मुख्य असेल तर ती बांधता येत नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टींवर नजर ठेव. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं, खारट काही गळलं तर ती सर्दी समजू नका. हाडातल्या पोकळीतून मेंदूचं पाणी झिरपतंय. यासाठीच शेवटी मेण आणि पोटाची चरबी भरतात, तरी कधी गळतं, आणि मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याची, भीती असते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुसरं, खाणं. थेरपिस्टने तपासल्याशिवाय तोंडाने काहीच नको. परवानगी मिळाल्यावर पेज द्या, पण वरचं निवळ नव्हे, घोटलेली दाट. पातळ पदार्थ घशातून झरकन निसटतो, सोलकढी त्यात सगळ्यात वाईट. घास गिळताना मान उजवीकडे, ऑपरेशनच्या बाजूला वळवायची, म्हणजे तो चांगल्या बाजूने उतरतो.

आणि आजच दादांचा एक अभंग मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, दुर्बिणीतून स्वरतंतूंची तपासणीही ऑपरेशनआधी करून घे. नंतर आवाजात फरक वाटला तर तुलनेला काहीतरी हवं.

वहिनींना नमस्कार. व्हेनोग्राम झाला की लगेच पाठव.

तुझा,
दिनेश