अमेरिकेतले नेमके कोणते कोर्ट?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या खटल्यांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. मथळा असतो ‘अमेरिकी कोर्टाचा निकाल’. कोर्ट राज्याचे की फेडरल (म्हणजे केंद्राचे), हे बातमी संपली तरी कळत नाही. जळगावच्या जिल्हा न्यायालयात मी नोकरीभर दप्तर सांभाळले, म्हणून हे फार खटकते. अपील कुठे जाणार ते त्यावरच ठरते.

आपल्याकडे कायदा संसदेचा असो वा विधिमंडळाचा, कोर्टांची साखळी एकच. माझा मुलगा राहतो त्या न्यू जर्सीत दोन आहेत. ओळखीतल्या एका मुलीचा घटस्फोटाचा दावा न्यू ब्रन्सविकला, राज्याच्या सुपीरिअर कोर्टाच्या कौटुंबिक विभागात चालला. मुलाच्या ताब्याचा हुकूम विरुद्ध गेला, तेव्हा इथले नातेवाईक ‘फेडरल कोर्टात जा’ म्हणून मागे लागले. फेडरल कोर्ट घटस्फोट देत नाही, मुलांचा ताबाही ठरवत नाही. तिची वाट सुपीरिअर कोर्टाच्याच अपील विभागाकडे आणि तिथून ट्रेंटनला राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडे जाणारी. राज्याच्या कायद्याचा अर्थ तिथले 7 न्यायमूर्ती लावतील तो अखेरचा. वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाचे दार उघडते ते अमेरिकेच्या राज्यघटनेचा वा फेडरल कायद्याचा मुद्दा असेल तरच. अपिलाला मुदत 45 दिवसांची. त्यातले बरेचसे या घोळात गेले.

फेडरल कोर्टाचा पसारा वेगळा. सबंध राज्य हा एकच जिल्हा. कोर्टे नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला, अपील फिलाडेल्फियाला. दिवाळखोरीचा अर्ज फेडरल कोर्टातच करावा लागतो. वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल, तर दिवाणी दावाही तिथे लावता येतो. फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेटच्या संमतीने आणि तहहयात. राज्याचे न्यायाधीश गव्हर्नर नेमतात, आधी 7 वर्षांसाठी. फेरनेमणूक झाली तर सत्तरीपर्यंत.

मराठी घरांतून सर्वांत जास्त विचारणा होते ती इमिग्रेशन कोर्टाची. ते तर या दोन्हींत नाही! ते फेडरल सरकारच्या न्याय विभागाखाली चालते. तिथला हुकूम ‘अमेरिकी कोर्टाचा निकाल’ म्हणून छापला की मुलांच्या व्हिसाच्या काळजीत असलेले आईवडील हवालदिल होतात. म्हणून कळकळीची विनंती: अशा प्रत्येक बातमीत कोर्ट कोणते, कोणत्या शहरातले आणि अपील कुठे होईल, एवढे तरी छापावे.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जळगाव