पुनर्प्रदर्शित ‘प्यासा’च्या खेळात चित्राची चौकट कापली गेल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व प्रोजेक्शन विभागप्रमुख,
मुंबई विभागीय कार्यालय

विषय: चुकीच्या प्रोजेक्शनमुळे रिस्टोअर केलेल्या चित्रपटाचे सदोष प्रदर्शन, परतावा व फेरखेळाची मागणी

महोदय/महोदया,

गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे चित्रपट रिस्टोअर केलेल्या, म्हणजे झीज-खराबी दूर करून मूळ रूपात आणलेल्या, प्रतींवरून देशभर पुन्हा प्रदर्शित झाले. त्यांपैकी ‘प्यासा’चा रविवार सायंकाळचा खेळ मी आईसोबत पश्चिम उपनगरांतील आपल्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. पहिल्या श्रेयनामावलीपासून अखेरपर्यंत चित्राचा वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर जात होता. खेळ चालू असताना आणि पुन्हा मध्यंतरात आपल्या कर्मचाऱ्यांच्या हे निदर्शनास आणून देऊनही त्यात काहीच बदल झाला नाही, म्हणून ही लेखी तक्रार करीत आहे.

दोष कसा दिसत होता ते नेमके सांगते, कारण जागेवर मला ‘जुना पिक्चर आहे, असाच दिसणार’ असे उत्तर मिळाले आणि ते पूर्णपणे चुकीचे आहे. श्रेयनामावलीतील वरच्या व खालच्या ओळी अर्ध्या कापलेल्या होत्या. उभ्या असलेल्या माणसांची डोकी कपाळापासून नाहीशी होत होती आणि जवळच्या दृश्यांत वहिदा रहमान यांचा चेहरा भुवयांपाशी संपत होता. डाव्या-उजव्या बाजूंना मात्र पडदा रिकामा आणि काळा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडद्याच्या वरच्या मास्किंगच्या काळ्या कापडावर त्या कापलेल्या डोक्यांचा अंधूक उजेड पडलेला स्पष्ट दिसत होता. याचा अर्थ चित्र फाइलमध्ये पूर्ण होते, प्रोजेक्टर ते पूर्ण फेकतही होता. फक्त ते पडद्यावर मावेल अशा मापात ठेवलेले नव्हते.

‘प्यासा’ १९५७ चा आहे. त्या काळच्या बहुतेक हिंदी चित्रपटांप्रमाणे त्याची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी, म्हणजे १.३७ : १ या गुणोत्तराची आहे. अशी चौकट डिजिटल प्रतीत सामान्यतः ‘फ्लॅट’ म्हणजे कमी रुंद मापाच्या फाइलमध्ये, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून बसवली जाते. ती फाइल ‘स्कोप’च्या, म्हणजे अधिक रुंद चित्रासाठी प्रोजेक्टरमध्ये आधीच ठरवून ठेवलेल्या मापाच्या, प्रीसेटवर चालवली, तर रुंद पडदा भरण्यासाठी लेन्स चित्र मोठे करते आणि उंचीतला सुमारे पाचवा हिस्सा वर-खाली सांडून जातो. मी पाहिलेल्या खेळात नेमके हेच घडत होते. प्रोजेक्शन कक्षातून प्रीसेट बदलणे हे काही मिनिटांचेही काम नाही, आणि खेळ न थांबवता ते करता येते. ते कोणी केले नाही, कारण पडद्याकडे पाहणारे कोणी तेथे नव्हते, असा माझा समज झाला आहे.

चौकटीचा एवढा आग्रह मी का धरते, तेही सांगायला हवे. याच दिग्दर्शकाने आणि याच छायालेखकाने, म्हणजे व्ही. के. मूर्ती यांनी, अवघ्या दोन वर्षांनी ‘कागज़ के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा, चित्रपट केला. ज्यांना रुंद चौकट हवी तेव्हा रुंद आणि उंच हवी तेव्हा उंच वापरता येत होती, त्यांच्या रचनेतला पाचवा हिस्सा काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही चित्रपटगृहाला नाही. मेलेला समजला गेलेला कवी स्वतःच्याच स्मृतिसभेत येऊन दारात हात पसरून उभा राहतो आणि मागून प्रकाश येतो, हे या चित्रपटाचे सर्वांना ठाऊक असलेले दृश्य आहे. त्या दृश्यात दाराची उंची, त्या दारातला एकटा माणूस आणि खाली अंधारात बसलेली गर्दी हे सारे एकत्र दिसावे लागते. आपल्या पडद्यावर दाराची वरची कड नव्हती आणि गर्दीही बरीचशी नव्हती. मूर्ती यांना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळालेले ते पहिले छायालेखक होते. त्यांचे काम पाहायलाच आम्ही आलो होतो.

रिस्टोरेशन म्हणजे काय हे आपल्या विभागाला माहीत असणारच. सेकंदाला २४ या हिशेबाने सव्वादोन तासांहून मोठ्या चित्रपटात दोन लाखांच्या आसपास चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रे, येतात. त्या स्कॅन करायच्या, ओरखडे, धूळ आणि थरथर काढायची, उजेड-अंधाराचा तोल पुन्हा साधायचा, ध्वनिपट्टीतली खरखर कमी करायची, असे हे कष्टाचे काम आहे. ‘प्यासा’ची रिस्टोअर केलेली प्रत २०१५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात निवडली गेली होती. एवढे सारे झाल्यावर प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा शेवटचा टप्पा आपल्या हाती असतो आणि तिथे एक प्रीसेट तपासला जात नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने ‘त्या काळी कॅमेरामनला डोकी नीट घेता येत नव्हती का’ असे विचारले. ती हा चित्रपट पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या मनात जो समज घेऊन ती घरी गेली, तो दुरुस्त करणे परताव्याने होणार नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात: जाहिराती कर्कश होत्या म्हणून कमी केलेला आवाज चित्रपट सुरू झाल्यावर पुन्हा वाढवला गेला नाही, त्यामुळे हळू बोललेले संवाद मागच्या रांगांत पोहोचत नव्हते. शिवाय शेवटचे दृश्य पडद्यावर असतानाच दिवे लावून सफाई सुरू झाली.

माझ्या मागण्या अशा आहेत. त्या खेळाच्या सर्व प्रेक्षकांना तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि त्यांच्यासाठी योग्य चौकटीत एक फेरखेळ ठेवावा. यापुढे कोणत्याही जुन्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाआधी प्रोजेक्शनच्या जबाबदार व्यक्तीने निदान श्रेयनामावली स्वतः सभागृहात बसून पाहावी. पडद्याच्या बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की काही प्रेक्षक तक्रार करतात, याची मला कल्पना आहे. त्यासाठी चित्रपटापूर्वी ‘हे चित्र मूळ मापात दाखवले जात आहे’ अशी एक पाटी दाखवली तरी पुरे.

चित्रपटगृहात पडद्याचे चित्रण करणे बेकायदेशीर असल्यामुळे मी पुरावा म्हणून छायाचित्र काढलेले नाही. कोणती फाइल केव्हा चालली याची नोंद आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ती पाहून प्रीसेटची तपासणी करावी आणि निष्कर्ष मला लेखी कळवावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,

आपली एक प्रेक्षक
(नाव व संपर्क आपल्याकडील तिकीट नोंदणीत आहे)

सोबत: तिकिटाची प्रत