मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे

महोदय,

कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. तेव्हापासून या जमिनीला कुणी 'पडीक' म्हणतं, कुणी 'मोकळी', आणि माझा जीव चडफडतो.

माझे वडील भांडुपच्या मिठागरात राबले. टाचांच्या भेगांत रात्री आई एरंडेल भरायची. तिथीची पाऊणपट करून ते भरतीची वेळ सांगत. चतुर्थी असली की तीन वाजता. त्यावर उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची, फळी कधी उचलायची आणि कधी पाडायची ते ठरे. पाऊस लागला की मीठ काढणं थांबायचं, राशी गवताने शाकारल्या जायच्या आणि वाफे पाण्याने भरायचे. डोंगराकडून, रुळांखालच्या नाल्यांतून उतरलेलं पाणी भरती असेपर्यंत तिथेच थोपून राही. ओहोटी लागली की खाडीत जाई. मीठ पिकत नसलं तरी पावसाळाभर जमीन हे काम करतच होती, फक्त त्याची मजुरी कुणी मागितली नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. मी त्या दिवशी कुर्ल्यात अडकले होते. मिठी नदीकाठच्या खाजणांवर भराव घालून आधीच संकुलं उभी राहिली होती. पाण्याला बसायला जागाच उरली नव्हती, ते माणसांच्या घरात बसलं. दुसऱ्या दिवशी रुळांतून चालत घरी आले, तर आमच्या ओटीच्या पायरीवर चिखलाची रेघ होती. उंबरा मात्र कोरडा.

आता तसं नाही. आमच्या गल्लीत एका बिल्डरने जोतं चार फूट उचललं. त्या इमारतीत पाणी शिरत नाही, ते आमच्या चाळीत येतं. हेच २५६ एकरांवर केलं तर काय होईल, ते सांगायला इंजिनीअर लागत नाही.

एक स्पष्ट लिहिते. 'धारावीवाले इकडे नकोत' हा सूर आमच्याकडे काहींच्या बोलण्यात असतो, तो मला मान्य नाही. मिठीच्या कडेला ज्यांनी दर पावसाळ्यात गाद्या माळ्यावर चढवल्या, त्यांना पुन्हा पाण्याच्याच तोंडाशी आणून बसवायचं, ही कसली घरं? त्यांना धारावीतच जागा द्या. आणि ठाणे खाडी २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय 'रामसर' यादीत गेली म्हणून रोहित पक्ष्यांचे फोटो छापायचे, तिच्याच काठावर डंपर रिकामे करायचे, हेही जरा अजबच.

नकाशे मंजूर करणाऱ्यांनी येत्या आषाढी अमावस्येच्या उधाणाला, धो धो पावसात, दुपारी बाराच्या सुमारास उघाडीपाशी येऊन उभं राहावं. छत्री मी देईन. गमबूट आपापले आणावेत.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व)