भाजीवाल्या मावशी आणि रिक्षावाले दादा, आभार

१७ जून, लेकीचा पहिलीतला दुसरा दिवस. व्हॅन आलीच नाही, फोनही लागेना. डोंबिवलीचा पाऊस, त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला! कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी काही न विचारता आम्हाला ताडपत्रीखाली ओढलं. आदल्याच दिवशी शाळेत मिळालेली, रात्री जागून कव्हरं घातलेली बालभारतीची पुस्तकं भिजली होती. मावशींनी ती पदराने एकेक पान उलटून पुसली, कोथिंबिरीच्या पिशवीत घालून गाठ मारली. तेवढ्यात एका रिक्षावाल्या दादांनी शेअरची सीटं सोडून आम्हाला थेट शाळेच्या फाटकाशी नेलं. मीटरचे पैसेही मी बळेच दिले.

पुस्तकांना अजून कोथिंबिरीचा वास येतो. घाईत तुमची नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार.