कार्बोरेटर बदलू नकोस, आधी व्हॅक्यूम बघ

सातारा, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज तीनदा वाचला. आयडलिंगला गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते, ॲव्हरेज घसरलंय आणि गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नवीन टाका. ते सगळं ठीक आहे पण शेवटी तू सहज लिहून गेलास ना की हल्ली ब्रेक पण जड लागतो, तिथेच मी थांबलो. माझ्या मारुती झेनला दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, तुझी पण त्याच साच्यातली, ९९३ सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणून म्हणतो की कार्बोरेटरवर एक रुपयाही खर्च करू नकोस आणि ब्रेकचं कळेपर्यंत आंबा घाटात गाडी नेऊ नकोस. प्लीज.

आधी हे कर. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाब, पेडल कडक होईल, मग पाय तसाच दाबून धरून स्टार्टर मार. ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणारा गोल डबा) व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनची हवेची ओढ, नीट मिळत असेल तर इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडं खाली जातं. नाही गेलं तर मॅनिफोल्डपासून (कार्बोरेटरमधून इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांपासून) बूस्टरपर्यंत जो जाड रबरी पाईप जातो तो, त्याचा वन-वे व्हॉल्व्ह, नाहीतर बूस्टरचा पडदा, या तिघांपैकी काहीतरी गेलंय. पेडल दाबताना सूं आवाज येऊन आयडलिंग बदलत असेल तर पडद्यावर संशय जास्त.

आता याचा आणि आयडलिंगचा काय संबंध? आयडलिंगला थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, पिस्टन मात्र हवा ओढतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि बूस्टर त्या ओढीवरच चालतो. मध्येच कुठे चीर पडली की कार्बोरेटरला न विचारता हवा आत घुसते, मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि मिसिंग सुरू होतं, इंजिन मध्येच ठोका चुकवतं. रेस दिली की मुळातच एवढी हवा आत जात असते की ती चोरटी हवा जाणवत नाही, म्हणून हायवेला गाडी बरी वाटते आणि सिग्नलला रडते, आणि मग सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. माझा दोनदा साफ करून झाला, प्लग नवे झाले, स्लो स्पीडचा स्क्रू पिळून पिळून आयडलिंग चढवलं, पण मूळ दुखणं तसंच.

शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी व्हॅक्यूम गेज लावला. तू पण एक घेच, फार महाग नसतो. जोडताना मात्र थ्रॉटलच्या खालच्या बाजूच्या, म्हणजे थेट मॅनिफोल्डच्या नळीला जोड, काही नळ्या थ्रॉटलच्या वरून निघतात आणि तिथे आयडलिंगला काटा शून्यच दाखवतो. इंजिन चांगलं तापू दे. तिकडे रत्नागिरीत समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २२ इंच (पाऱ्याचे, गेजवरचं माप) दाखवतं आणि काटा हलत नाही, इकडे साताऱ्यात उंचीमुळे अडीचेक इंच कमीच येतं (दर हजार फुटाला साधारण एक इंच). माझा १२ वर होता. स्थिर पण खाली, म्हणजे एकतर हवा घुसतेय नाहीतर टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे पडलंय. काटा ठरावीक ठेक्यात झटका खात असेल तर इंजिनचा व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो, आणि रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबलाय का बघ.

मेस्त्रींनी मग हातभर रबरी नळी कानाला लावली आणि दुसरं टोक एकेका जॉइंटवरून फिरवलं. बूस्टरच्या पाईपला, मॅनिफोल्डजवळच्या क्लिपच्या अगदी खाली, नखाएवढी चीर होती, वरून अजिबात दिसत नव्हती, पाईप वाकवला की ओठासारखी उघडायची. त्यांनी त्यावर अंगठा दाबला आणि गेजचा काटा झर्रकन वर चढला, इंजिनचा आवाज सुद्धा बदलला. मी तिथे बोनेटला धरून उभा होतो, अजून आठवतं. पाईप बदलला, स्क्रू परत जागेवर आणला, काटा १७ वर.

तुझ्याकडे पाईप धड निघाला तर कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग बघ, तिथेही हवा ओढते. पाण्याचा बारीक फवारा जॉइंटवर मार, डिलको (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) आणि वायरी सांभाळून, आवाज बदलला की जागा सापडली. काही जण कार्ब क्लीनर मारतात पण तापलेल्या सायलेन्सरजवळ तो पेट घेतो, तू मारू नकोस.

काकांची गाडी आहे रे ती, भंगारात द्यायचं मनात पण आणू नकोस. पेडलची टेस्ट उद्या सकाळीच कर आणि काय झालं ते कळव. गेज मिळाला की काट्याचा व्हिडिओ पाठव, एक आयडलिंगचा आणि एक रेस झटकन देऊन सोडल्यावरचा. तिकडे गेज मिळत नसेल तर शनिवारच्या एसटीने माझा घेऊन येतो.

तुझाच,
साताऱ्याचा दोस्त