गॅसला वळण कळत नाही

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा तिसऱ्या वाक्यालाच "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहायला बसले. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव. बाबांचा चष्मा नेमका आत्ता सापडणार नाही, हे मला इथूनच दिसतंय.

बाबा, दिवाळीत मी तुमच्याबरोबर चार भिंतीच्या टेकडीपर्यंत फिरायला यायचे. रोज तुम्ही त्याच वळणावर, त्याच झाडापाशी थांबायचात. पहिल्या दिवशी "सातारा बघ किती पसरलाय". दुसऱ्या दिवशी बुटाची लेस. तिसऱ्या दिवशी कारणं संपली, नुसतेच उभे राहिलात आणि हात छातीवर गेला. बोट नाही, अख्खी मूठ. दोन-तीन मिनिटांनी चेहरा सुटला आणि चालू लागलात. घरी येऊन ओवा-सैंधव. "गॅस आहे गं, काल चकल्या जास्त झाल्या."

गॅसला वळण कळत नाही, बाबा. रोज तेवढ्याच चढाला धरायचं आणि थांबलं की सोडायचं, हे त्याचं काम नव्हे. आपल्या वरच्या मजल्याच्या नळाचं आठवा. एक तोटी चालू असेल तर भागतं, दुसरी सोडली की धार बारीक होते, कारण आतून पाइप भरत आलाय. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चरबी साचून अरुंद झाल्या की तसंच होतं. सपाटीवर पुरतं, चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं आणि ते पोचत नाही. मग ते तक्रार करतं. त्या तक्रारीला अँजायना म्हणतात. मराठीत हृदयशूळ म्हणतात, पण नाव फसवं आहे. शूळ म्हटलं की टोचणं आठवतं. इथे बहुधा टोचत नाही, आवळतं, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं. कधी ते डाव्या हातात, मानेत, जबड्यात नाहीतर पाठीत उतरतं.

१७६८ मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी हेच मांडलं होतं: चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छातीत धरतं आणि थांबलं की जातं. तेव्हा ईसीजी नव्हता, रोग्यांचं ऐकूनच त्यांनी ओळखलं. तुम्ही मात्र मागच्या वर्षीचा नॉर्मल ईसीजी दाखवता! तो पडून काढलेला होता. दुखत नसताना तो साफ येऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, पण तुमचं चित्र मला स्थिर प्रकाराचं वाटतं, म्हणजे ठरावीक श्रमाला येणारं आणि विश्रांतीने जाणारं. भीती दुसऱ्याची आहे. तेच दुखणं कमी चालण्यावर येऊ लागलं, वारंवार आलं, बसल्याजागी आलं किंवा लांबलं, तर ते अस्थिर. मग ओव्याची बरणी उघडायची नाही आणि स्कूटरही काढायची नाही, १०८ लावायचा. आणखी एक विरळा प्रकार आहे, त्यात नळी आकसते आणि रात्री किंवा पहाटे झोपेत दुखतं. तो नीट ओळखला गेला १९५९ साली.

आता तुम्ही म्हणाल, मलाच का? वय ६९, बीपीची गोळी "विसरली तर विसरली", आणि धाकट्या काकांचं बायपास ५१ व्या वर्षी झालेलं. तंबाखू सोडलीत त्याला दहा वर्षं झाली, त्याचा मला अजून अभिमान आहे.

आई, तुला वाटलं असेल पत्र बाबांचंच आहे. ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाताना तुझी दाढ दुखते ना? दातांच्या डॉक्टरांनी दाढ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, आणि तू विषय सोडून दिलास. भाकऱ्या थापताना मधेच पाटावर बसतेस, घाम पुसतेस, "दमले गं" म्हणतेस. बायकांच्यात कधी छातीत न दुखता एवढंच दिसतं: दम, मळमळ, थकवा. तुझी साखर १४ वर्षांची जुनी. साखरेने नसा बोथट झाल्या की दुखणं कळतसुद्धा नाही. काही बायकांच्या मोठ्या नळ्या तपासणीत साफ दिसतात, बिघाड बारीक नळ्यांत असतो, आणि त्यांना "मनाचं आहे" म्हणून घरी पाठवतात. तुला कुणी तसं म्हणालं तर मला फोन लाव. आणि मिश्री. तीही तंबाखूच आहे, भाजलेली असली म्हणून काय झालं?

छातीत धरलं तर दोघांपैकी कुणीही आधी बसायचं. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. शेजारच्या काकांकडची जिभेखालची गोळी मागून घ्यायची नाही, तिने बीपी झपकन खाली येतं. डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, तीही बसून.

मी बुधवारी रात्रीच्या एसटीने येते. गुरुवारी सकाळी दहाला वेळ घेतली आहे, हो, दोघांचीही. साड्यांखाली दडवलेले जुने रिपोर्ट काढून ठेव. तोवर चढ बंद. बाबा, रिकामे बसवत नसेल तर अंगणात दोरी बांधून घ्या, कपडे गच्चीवर जायला नकोत.

तुमची,
मनू